चिनी माती आणि सोलापुरी चादर

कपबशा बांधायला घेतल्या की मला एक डच जहाज आठवतं, 'गेल्डरमाल्सन'. चीनहून परतताना ते जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडालं. १९८५ साली त्यातून लाखाहून जास्त चिनी मातीची भांडी वर काढली! ती तळाशी होती, वर चहा होता. त्या चहाच्या थरानेच ती सांभाळली.

आमच्या सोलापुरात चहाच्या जागी कापड. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण मागावरच्या चादरी आणि टॉवेल घरोघरी आहेतच.

काकू आता कायमची मुलाकडे चाललीये. तिच्या लग्नातला टी-सेट "कशाला ठेवता?" म्हणत होती, पण डोळे त्याच्यावरच. मग जड किटली तळाशी, बशा उभ्या, प्रत्येक कपाच्या पोटात जुन्या लुगड्याची चिंधी, फटींत टॉवेल, भोवती चादर. वर्तमानपत्र थेट लावलं नाही, शाई लागते. खोकं हलवलं तर आतून आवाज येता कामा नये, एवढीच परीक्षा.

आवाज आला नाही. काकूने स्वतः दोनदा हलवून पाहिलं, आणि मगच घराला कुलूप लावू दिलं.