कल्लणै : बंधारा आणि शब्द
तिरुचिरापल्लीनजीक कावेरीचे पाणी कोळ्ळिडमच्या सखल पात्रात वाहून जाऊ नये, यासाठी बांधलेला कल्लणै बंधारा परंपरेने करिकाल चोळाचा मानला जातो. येथील नदीतळ वाळूचा आहे. जुन्या कारागिरांनी तीत मोठाले दगड लोटले. ते स्वभाराने रुतत जाऊन स्थिरावले, व त्यांवर चिखलात दगड बसवून बांध रचला गेला. वाळूत पाया घालण्याची ही विद्या एतद्देशीयांकडूनच मिळाली, हे आर्थर कॉटनने मान्य केले आहे. गोदावरीवरील धवळेश्वरमच्या बंधाऱ्यात (१८४७–५२) त्याने तिचाच अवलंब केला. इंग्रज अभियंत्यांच्या परिभाषेतील ‘अनिकट’ हा शब्दही तमिळ ‘अणैक्कट्टु’चे रूपांतर होय. विद्येचे ऋण असे शब्दातही नोंदले गेले आहे.