जू, गहाणखत आणि इंग्रजी शब्दांची भीती

स्पर्धा परीक्षांचा हंगाम आला की अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तकं हातोहात खपतात. मराठी माध्यमातली पोरं रोज पन्नास शब्द घोकतात आणि आठवड्याभरात त्यातले चाळीस विसरतात. वर सल्ला मिळतो, "मराठी डोक्यातून काढून टाका, इंग्रजीत विचार करा." हा सल्ला मला मुळात पटत नाही. का, ते सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. पोस्ट मोठी आहे, पण घरात शिकणारं मूल असेल तर जरूर वाचा.

इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द का असतात? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबार, कोर्ट, जमीनदारी सगळं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेलं. चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये होतीच. गोठ्यातली गाय राखणारा इंग्रज तिला 'काउ' म्हणायचा, साहेबाच्या ताटात तेच 'बीफ' झालं. मेंढी 'शीप', ताटात 'मटन'. कोर्टात फ्रेंच चालते आणि लोकांना ती कळत नाही, म्हणून खटले इंग्रजीत चालवा असा कायदा १३६२ साली करावा लागला. कोर्टाची भाषा लोकांना न कळणं हे दुखणं तिथलंही जुनंच आहे.

पुढे सोळाव्या शतकात पंडितांनी लॅटिन आणि ग्रीकमधून हजारो शब्द आणले. त्यावर तिथेही जोरदार भांडण झालं. थॉमस विल्सनने १५५३ साली अशा दौतछाप भाषेची टर उडवली. जॉन चीक नावाच्या विद्वानाने बायबलच्या भाषांतरात 'सेंच्युरियन'ऐवजी 'हंड्रेडर' असा घरगुती शब्द वापरला. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याची आठवण यावी असाच हा प्रयत्न. पण चीकचा शब्द टिकला नाही, पंडितांचे शब्द मात्र राहिले.

मग १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा कोश छापला. निव्वळ इंग्रजीतला हा पहिला कोश मानतात. तो कुणासाठी, तर स्त्रिया आणि फारसं न शिकलेल्या माणसांसाठी, असं त्याने पहिल्याच पानावर लिहिलं. म्हणजे बघा, हे शब्द खुद्द इंग्रजांनाही परके होते. आपल्या पोरांनी न्यूनगंड बाळगायचं कारणच नाही.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ आज कदाचित उरलेलंही नसेल. पुढच्या अभ्यासाने हे पक्कं झालं. म्हणजे इंग्रजीतल्या अवघड शब्दांची मुळं मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहेत.

बैलाच्या मानेवरचं जू घ्या. संस्कृतात 'युग', लॅटिनमध्ये 'जुगुम', इंग्रजीत 'योक'. तिन्ही एकाच घरचे. रोमन लोक हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावत. त्यावरून 'सबज्युगेट', म्हणजे जुवाखाली आणणं, गुलाम करणं. एका जुवात जोडलेले नवरा-बायको, म्हणून 'कॉन्ज्युगल'. ज्याच्या आज्याने औत हाकलं, त्याला हे शब्द घोकावे लागतील का?

दुसरं, मरण. 'मृत' आणि लॅटिन 'मॉर्ट' भाऊभाऊ. मॉर्टल, इम्मॉर्टल, मॉर्च्युअरी, पोस्टमॉर्टेम हे त्याच माळेतले मणी. बँकेच्या कागदावरचं 'मॉर्गेज'सुद्धा तिथलंच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मेलेलं तारण'. एडवर्ड कोक या कायदेपंडिताने त्याचा उलगडा असा केला: कर्ज फिटलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली, फिटलं तर तारण सावकाराला मेलं. गहाणखताचा इतका नेमका अर्थ एकदा कळला की विसरणं अवघड.

तिसरं, नकाराचा 'अ'. आपण अज्ञान म्हणतो, पण स्वर आला की 'अन्' लावतो, जसं अनादर. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम. ॲपथी म्हणजे भावनेचा अभाव, ॲनार्की म्हणजे राज्यकर्त्याचा अभाव. 'ॲग्नॉस्टिक' मधला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञा'. सप्त, अष्ट, नव, दश म्हणा आणि सप्टेंबर ते डिसेंबर मोजा. नंबर दोनने चुकतो, कारण रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं. दंत-डेंटल, नाव-नेव्ही, पद-पेडल, सर्प-सर्पेंट, युवा-जुव्हेनाइल ही यादी तुम्हीच वाढवा.

एक सावधगिरी मात्र हवी. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' छापाचे फॉरवर्ड यात घुसवू नका. ऐकायला सारखं असणं म्हणजे नातं असणं नव्हे, आणि संस्कृत ही लॅटिनची आई नाही, बहीण आहे. शंका आली की चांगल्या कोशात व्युत्पत्ती बघायची. अभिमानापायी मुलांना चुकीचं शिकवलं, तर नुकसान त्यांचंच.

मराठीचा हात धरून इंग्रजी शिकणं आपल्याला नवीन नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इथल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मग आज 'मराठी ठेवली तर इंग्रजी येणार नाही' या भीतीने आपण मराठी शाळांचे वर्ग का रिकामे करतोय?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मराठी शाळेत मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून आठवड्याला एक तास घ्यावा. एका तासाला एकच मूळ, त्याचे पाच-सहा शब्द, आणि प्रत्येक शब्दाचं मुलाने स्वतः केलेलं वाक्य. आठवड्याने परत विचारायचं, महिन्याने पुन्हा. वर्षात तीस मुळं झाली तरी दीडशे शब्द पक्के होतात, आणि नवीन शब्द दिसला की फोडून बघायची सवय लागते. याला ना निधी लागतो, ना जीआर. शाळा व्यवस्थापन समितीवर जे पालक आहेत, त्यांनी येत्या बैठकीत हा विषय मांडा. सुरुवात जुवापासून करा.