ढिगाऱ्याखालचं पाणी

24 ऑक्टोबर 1966. दक्षिण वेल्समधल्या ॲबरफॅन गावात, एका चॅपेलमध्ये मृत्यूंची चौकशी सुरू झाली. एकेका मुलाचं नाव वाचलं जाई, पाठोपाठ मृत्यूचं कारण: गुदमरून, अंगावरच्या जखमांमुळे. एका बापाने ते वाचन थांबवलं. हे कारण खरं नाही, माझं मूल कोळसा मंडळाने जिवंत गाडलं, दाखल्यावर तेच लिहा, असं त्याने बजावलं.

तीन दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मर्थर व्हेल कोळसा खाणीचा सात नंबरचा ढिगारा डोंगरावरून सुटून पँटग्लास शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आला होता. 144 माणसं गेली. त्यातली 116 मुलं.

कारण काय लिहायचं, हा प्रश्न मग न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणापुढे गेला. त्याने 76 दिवस काम केलं, 136 साक्षीदार ऐकले, आणि 3 ऑगस्ट 1967 ला अहवाल दिला. त्या अहवालातली पत्रं आणि साक्षी एकापुढे एक ठेवल्या की घटनाक्रम बराचसा उलगडतो.

राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी दुर्घटनेनंतर लगेच सांगितलं होतं की ढिगाऱ्याखाली नैसर्गिक झरे होते आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा नकाशांपुढे टिकत नाही. सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवर त्या उतारावरचं पाणी दाखवलेलं होतं, आणि ज्या ओहोळात गावातली पोरं खेळत मोठी झाली तो गावाला माहीत नसेल कसा? 1958 साली सात नंबरची जागा ठरली ती खाणीच्या व्यवस्थापकाने आणि एका यांत्रिकी अभियंत्याने डोंगरावर फेरी मारून. जमिनीला भोक पाडून तपासणी झाली नाही, नकाशा उघडला गेला नाही. ढिगारे हे यांत्रिकी विभागाचं काम समजलं जाई, कारण माल वर नेणारी यंत्रं त्या विभागाची होती. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत जड वाटते. माल वर पोचवण्याची जबाबदारी नेमलेली होती; पोचल्यावर तो कशावर उभा राहतो हे पाहण्याची नव्हती.

मृदा-यांत्रिकीचे तज्ज्ञ ॲलन बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे घसरणीची तांत्रिक उकल केली. डोंगराचा वालुकाश्म भेगाळलेला, त्यावर हिमयुगातल्या चिकणमातीचा थर. पाऊस भेगांतून आत मुरायचा आणि मातीच्या थराखाली दाबाने कोंडायचा. कोकणात पावसाळ्यात उपळ फुटतात तशी ही जागा. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिथे साडेसहा इंच पाऊस झाला होता. ढिगारा सैल ओतलेला, 111 फूट उंच, पायथा पाण्याने भरलेला. पायथ्याशी तो 1963 साली एकदा घसरलाच होता, त्यामुळे तिथली पकड आधीच गेली होती. पुन्हा घसरण सुरू झाली तेव्हा भिजलेला माल दगडमाती राहिला नाही, द्रवासारखा वाहू लागला.

आता पत्रांकडे. 1963 साली मर्थर टिडफिलच्या नगर अभियंत्याच्या कार्यालयाने मंडळाला लिहिलं. विषयाच्या ओळीतच पँटग्लास शाळांच्या पाठीमागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका असं स्पष्ट होतं. कोळसा धुऊन उरणारा हा बारीक चिखल इतका पातळ आणि उतार इतका तीव्र, की पावसात तो जागेवर राहणं अशक्य, हे अभियंत्याचं म्हणणं. उत्तरात मंडळाच्या अधिकाऱ्याने शाळेला धोका संभवतो तिथे सहा-आठ आठवड्यांपलीकडे गाळ टाकायची इच्छा नाही असं कळवलं. म्हणजे धोका कोणाला, हे लिहिणाऱ्यालाही मान्य होतं. प्रत्यक्षात गाळ 1965 पर्यंत पडत राहिला.

पण या पत्रव्यवहारात एक वाक्य आणखी आहे: पँटग्लासच्या माथ्यावर उभे असलेले ढिगारेच सरकले तर परिस्थिती फार गंभीर होईल. त्या वाक्याला उत्तर मिळालं नाही. दोन्हीकडे चर्चा गाळाची चालली; गाळ थांबला तेव्हा विषय मिटल्यासारखा झाला, आणि खालचं पाणी तसंच राहिलं. माझ्या मते, उलगडा याच ठिकाणी आहे.

जवळच किल्व्हिनिडला 1939 साली असाच ढिगारा घसरून रस्ता ओलांडून गेला होता. त्यानंतर ढिगारे का घसरतात यावर टिपण तयार झालं होतं. 1965 साली दुसऱ्या एका ढिगाऱ्याची घसरण झाल्यावर ते टिपण पुन्हा फिरवलं गेलं. सात नंबरची पाहणी त्यानंतरही वरवरचीच झाली. आणि 1954 च्या खाण कायद्यात ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेची तरतूदच नव्हती. ती 1969 साली आली.

21 तारखेला सकाळी साडेसातला कामगार माथ्यावर पोचले. ढिगारा दहा फूट खचला होता, रूळ खड्ड्यात गेले होते. फोनची तार वारंवार चोरीला जाई, म्हणून एक माणूस खबर द्यायला पायी खाली गेला. निरोप आला: इथे माल टाकणं बंद, पुढच्या आठवड्यात नवी जागा पाहू. तोवर खड्डा वीस फुटांवर गेला होता. फोन असता तरी जीव वाचले नसते, असं न्यायाधिकरणाने नोंदवलं.

वर ऊन होतं, खाली दरी धुक्याने भरलेली, गाव दिसतच नव्हतं. क्रेनवाल्याने साक्षीत सांगितलं ते असं: खड्ड्यातला माल आधी हळूहळू वर येऊ लागला, त्याला वाटलं आपल्याला भास होतोय. मग तो भराभर वर आला, खड्ड्याबाहेर पडला, लाटेसारखा वळला आणि ॲबरफॅनच्या दिशेने खाली धुक्यात गेला.