व्हीगन फळांचे वॉफल: कृती आणि काळजी

व्हीगन आहारात दूध, तूप, अंडी व मध घेत नाहीत. अजिंठा परिसरात ज्वारी घरोघरी असते आणि केळी शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून येतात. त्यांतूनच हा नाश्ता होतो.

कृती (दोघांसाठी)

• 1 चमचा जवसाची पूड 3 चमचे पाण्यात 10 मिनिटे भिजवा. ती चिकट होऊन अंड्याऐवजी पीठ बांधून ठेवते.
• त्यात 1 वाटी ज्वारीचे पीठ, पाव वाटी बेसन, 1 कुस्करलेले केळे, अर्धा चमचा बेकिंग पावडर व पाणी घालून दाटसर भिजवा.
• वॉफल मेकरला तेल लावून भाजा. तो नसल्यास तव्यावर छोटी धिरडी घाला.
• वरून पेरू, पपई किंवा डाळिंब घ्या. साखर-गूळ नको.

मधुमेह असल्यास

व्हीगन म्हणजे बिनसाखरेचे नव्हे. पीठ, केळे, सीताफळ या सर्वांनी रक्तातील साखर वाढते. वर सीताफळ घेतल्यास पिठात केळे घालू नका. मूत्रपिंडाचा आजार असल्यास केळ्यातील पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारा.

बी-12 विसरू नका

वनस्पतिजन्य अन्नातून बी-12 जवळजवळ मिळत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येणे मधुमेहामुळेच आहे असे समजून ही कमतरता दुर्लक्षित राहते. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. बी-12ची रक्ततपासणी करून घ्या.