बाद पद्धतीवर घेतलेला नशिबाचा आळ

‘साखळीत ताकद कळते, बाद फेरीत नशीब.’ फुटबॉलवर चार माणसं बोलू लागली की हे वाक्य हमखास येतं. इथे सुरतेत, उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्त्यांत रात्री जागून युरोपातले सामने पाहणारी मुलंही ते ठामपणे सांगतात. १९७७ साली सुरू झालेला आपला फेडरेशन कप २०१७ नंतर बंद पडला, तरी फारशी हळहळ झाली नाही. त्याचंही एक कारण हाच समज असावा. लीग आहे ना, मग कप कशाला? हा समज मला मान्य नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो कच्चा नाही. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. दीड तासात एक गोल पडला, तोही बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदलून, तर दुबळा संघ जिंकतो आणि बलवान घरी जातो. साखळीत पंधरा-वीस सामने असतात, त्यामुळे असे अपघात एकमेकांना खोडून काढतात आणि शेवटी उरते ती खरी कुवत. शिवाय इतिहासाचा दाखलाही देता येतो. ईस्ट बंगालने २००७, २००९, २०१० आणि २०१२ असे चार वेळा फेडरेशन कप जिंकले, पण आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, एकदाही नाही. मग कपाने काय सिद्ध केलं?

याला उत्तर म्हणून मी २०१५-१६चा हंगाम पुढे ठेवतो.

त्या वर्षी आय-लीगमध्ये नऊ संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सोळा सामने. मिझोरमचा ऐझॉल एफसी पहिल्यांदाच या पातळीवर खेळत होता. तो आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तरीही खालच्या विभागात उतरवलं गेलं ते ऐझॉलला. शिवाजियन्सला कॉर्पोरेट संघ म्हणून थेट प्रवेश मिळाला होता आणि नियमानेच त्यांना घसरणीपासून संरक्षण होतं. नियम आधीपासून ठरलेला होता, त्यात लपवाछपवी नव्हती. पण ‘तक्ता खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्यांनी या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. तळाचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा गेला. यात खेळाची कसोटी किती आणि प्रवेशाच्या अटी किती?

लीग संपल्यावर पहिल्या आठ संघांचा फेडरेशन कप झाला. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत प्रत्येक जोडीचे दोन सामने होते, एक घरच्या मैदानावर आणि एक परक्या. म्हणजे एका दुपारच्या अपघाताने बाद होण्याचा धोका आयोजकांनीच बराचसा काढून टाकला होता. घसरणीची चिठ्ठी हातात असलेल्या ऐझॉलने उपांत्यपूर्व फेरीत त्याच वर्षीच्या लीगविजेत्या बंगळुरू एफसीला बाहेर काढलं आणि उपांत्य फेरीत स्पोर्टिंग क्लब द गोवाला. २१ मे २०१६ रोजी गुवाहाटीच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने मात्र त्यांना ५-० असं हरवलं. मध्यंतरापर्यंत फळा कोरा होता, पाचही गोल उत्तरार्धात झाले. त्यांतले दोन जेजे लालपेखलुआचे, म्हणजे मिझोरमच्याच पोराचे. ‘पाहा, नशीब संपलं,’ असा निवाडा करून मंडळी मोकळी झाली.

पुढच्या वर्षी काय झालं? गोव्यातल्या काही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीत वर्षानुवर्षं घालवलेले खालिद जमील आले. मुंबईचा जयेश राणे आला आणि राइट बॅकला खेळायला आशुतोष मेहता आला, सुरतेत जन्मलेला. पुढे मार्च २०२१मध्ये ओमानविरुद्ध भारताचा शर्ट अंगावर चढवणारा तो हाच. या ऐझॉलने २०१६-१७ची आय-लीग जिंकली. आदल्या वर्षीच्या तक्त्याने ज्यांना नालायक ठरवलं होतं, ते वर्षभरात देशाचे विजेते झाले. प्रशिक्षक बदलला, खेळाडू बदलले, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण या क्लबात लीगविजेत्यांना दोन सामन्यांत मिळून हरवण्याची धमक आहे, हे आधी दाखवलं ते कपाने. लीगच्या सोळा सामन्यांत ते दिसलं नव्हतं.

साखळीत अपघात खोडले जातात, या मुद्द्याचं काय? ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. अखेरून दुसऱ्या फेरीत, २२ एप्रिल २०१७ला, ऐझॉलने बागानला १-० हरवलं ते ८३व्या मिनिटाला झोमिंगलिआना राल्टेने डोक्याने मारलेल्या गोलावर. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी शेवटचा सामना होता आणि विजेतेपदाला एक गुण पुरेसा होता. लाजाँगच्या दिपांदाने नवव्या मिनिटालाच गोल केला. तिकडे कोलकात्यात बागानने आपला सामना जिंकला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधेपर्यंत अठरा सामन्यांची सगळी कमाई टांगणीला होती. म्हणजे लीगचा निकालही अखेर एका हेडरवर आणि एका बरोबरीवर आला. मग याला कुणी नशीब का म्हणत नाही? ऐन वेळी खेळ उंचावणं हा गुण लीगमध्ये ‘जिगर’ ठरतो आणि कपात ‘लॉटरी’. हा दुजाभाव मला खटकतो.

आता ईस्ट बंगाल. कप जिंकणारा तो संघ लीगमध्ये ढेपाळत होता का? नेहमी तरी नाही. २०१०-११ आणि २०११-१२, दोन्ही वर्षी तो दुसरा होता. कपाने दुबळ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, असं त्या दाखल्यातून निघतच नाही. उलट बाजूचे दाखले तर ढीगभर आहेत. डेम्पोने २००४चा कप जिंकला आणि लगेच २००४-०५ची राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची लीग. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५मध्ये स्पोर्टिंग गोवाला २-१ हरवून कप नेला आणि पाठोपाठ २००५-०६ची लीगही. साळगावकरने २०१०-११ची लीग मारली आणि २०११च्या कपाच्या अंतिम सामन्यात त्याच ईस्ट बंगालला ३-१ लोळवलं. लॉटरीची तिकिटं इतक्या वेळा त्याच घरात लागत नाहीत.

लीग खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. लीग मोजते ती संघाची खोली. महिनोन् महिने प्रवास आणि दुखापती सोसत बावीस-पंचवीस खेळाडू पोसण्याची ऐपत तिथे लागते. कप मोजतो तो संघाचा माथा, म्हणजे चांगल्या दिवशी हा संघ कुठवर चढू शकतो ते. पैसेवाल्या क्लबाला पहिली कसोटी सोयीची असते, छोट्याला दुसरी. दुसरी मोडीत काढायची आणि पहिलीलाच ‘खरी’ म्हणायचं, यात तोटा कुणाचा हे सांगायला नको.

२०१८पासून फेडरेशन कपाच्या जागी सुपर कप आला, पण सगळे संघ ठरावीक ठिकाणी जमवून स्पर्धा उरकायची रीत पडली. लॉटरीचा आक्षेप खरोखर लागू पडतो तो अशा एकाच सामन्याच्या बाद फेरीला आणि त्यावरचा उपाय २०१६च्या स्पर्धेत करून झालेला आहे. घरी-दारी दोन सामने परत आणा आणि खालच्या विभागांतल्या क्लबांना पात्रता फेरीतून वाट द्या. गुजरातचा एकही क्लब आज वरच्या लीगमध्ये नाही. पूर्ण हंगामाचा खर्च पेलण्याची ताकद इथल्या क्लबांत लवकर येईल असं दिसतही नाही. पण कपाची एक लढत स्वतःच्या शहरात खेळवणं त्यांच्या आवाक्यातलं आहे. सुरतेत जन्मलेल्या मेहताला विजेतेपदासाठी ऐझॉलला जावं लागलं. इथल्या पुढच्या पोराला निदान एक मोठा सामना आपल्या लोकांसमोर खेळता यावा, एवढीच मागणी आहे.