बाहीवरचा राजमुकुट

इसवी सन १९०९ च्या ऑक्टोबर महिन्यात स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथील वाड्यात बादशहा सातवे एडवर्ड यांनी सेनापती रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना ‘सर’ हा किताब बहाल केला, आणि त्याच भेटीत, बालवीरांपैकी जे मुलगे विशेष कठीण कसोट्यांना उतरतील त्यांना ‘किंग्ज स्काऊट’ म्हणवून घेण्याचा अधिकार असावा, या तजविजीला राजमान्यता दिली. ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन बेडन-पॉवेल यांनी पहिली छावणी ठोकली त्याला तेव्हा अवघी दोन वर्षे लोटली होती, आणि बालवीरविद्येचा त्यांचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. इतक्या अल्पवयीन चळवळीला राजसत्तेने आपला मुकुट मुलांच्या बाहीवर शिवण्याची मुभा द्यावी, ही घटना चळवळीच्या भाग्याची खरीच. परंतु त्याच मुकुटामुळे पुढे चाळीस वर्षे हिंदुस्थानातील बालवीरांच्या इतिहासात एक न मिटणारा पेच निर्माण झाला, आणि तो पेच मला त्या मानचिन्हापेक्षाही अधिक अभ्यसनीय वाटतो.

हा हुद्दा कोणाच्या शिफारशीने मिळण्यासारखा नव्हता. नवशिका, द्वितीय श्रेणी आणि प्रथम श्रेणी या तीन पायऱ्या चढल्यावाचून त्याचा विचारच होत नसे, आणि त्या पायऱ्यांवरील कसोट्या वाचताना आजही मन गुंतून राहते. द्वितीय श्रेणीच्या मुलाने उघड्यावर चूल रचून दोनांहून अधिक काड्या न वापरता ती पेटवावयाची, पाव पौंड मांस आणि दोन बटाटे शिजवावयाचे, आणि क्षणभर दाखवून झाकलेल्या चोवीस वस्तूंपैकी निदान सोळा स्मरणाने सांगावयाच्या. प्रथम श्रेणीच्या उमेदवाराला पन्नास यार्ड पोहणे, झेंड्यांनी किंवा मोर्सच्या संकेतांनी निरोप पाठविणे आणि घेणे, नकाशा वाचणे, कुऱ्हाड चालविणे, अपघातात सापडलेल्या माणसावर प्रथमोपचार करणे, इतके तर यावेच लागे. शिवाय त्याने एकट्याने किंवा एका सोबत्यासह सात मैल पायी जाऊन परत यावयाचे आणि वाटेत काय दिसले याचा वृत्तान्त लिहून हजर करावयाचा. बचत-बँकेत स्वतःच्या नावावर एक शिलिंग जमा असलेले दाखवणे हीही एक अट होती. दोरीच्या गाठींपैकी ‘बोलाइन’ ही एकच पाहिली तरी या शिक्षणामागची दृष्टी ध्यानात येते. बुडणाऱ्याच्या किंवा धुरात कोंडलेल्याच्या काखांखालून दोरीचा फास घातला असता, कितीही जोराने ओढले तरी जो फास आवळत नाही, तो या गाठीचा. म्हणून ती अंधारात, पाठमोरे उभे राहून, ओल्या दोरीनेही अचूक पडली पाहिजे, इतका सराव चांगले स्काऊटमास्टर मुलांकडून करवून घेत असत.

परंतु या सर्व कसोट्यांत मला जिचे मोल सर्वांत अधिक वाटते ती अगदी साधी आहे. प्रथम श्रेणीच्या उमेदवाराने स्वतः शिकवून तयार केलेला एक नवशिका मुलगा सोबत आणला पाहिजे, असा दंडक होता. दुसऱ्याला हात देऊन पहिली पायरी चढविल्याखेरीज स्वतःला वरची पायरी नाही, ही कल्पना ज्याने नियमात घातली त्याला मुलांचे मन चांगले कळले होते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

हिंदुस्थानात बालवीरांचे पहिले पथक १९०९ मध्ये बंगलोरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढले, आणि पुढील एकदोन वर्षांत जबलपूर, पुण्यानजीकची खडकीची छावणी, मद्रास, मुंबई अशा ठिकाणी पथके उभी राहिली. पण ती सगळी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांकरिता होती. एतद्देशीय मुलांना तेथे प्रवेश नव्हता. माग काढणे, संकेत पाठविणे, शिस्तीने हालचाल करणे ही विद्या देशी मुलांच्या हाती पडली तर तिचा उपयोग ते कोणाविरुद्ध करतील, ही सरकारदरबारची धास्ती होती. या बंदीतला अन्याय अधिकच बोचतो तो अशासाठी की, या विद्येचे धडे खुद्द बेडन-पॉवेल यांनी १८७६ मध्ये तेराव्या हुसार पलटणीचे तरुण अंमलदार म्हणून याच देशात गिरविण्यास आरंभ केला होता. वस्तू स्मरणात ठेवण्याचा तो खेळ किपलिंगच्या लाहोरच्या ‘किम’कडून आला, आणि लहान मुलांच्या ‘कब’ शाखेला ज्या लांडग्यांच्या कथांनी रूप दिले त्यांचे रान मध्यप्रांतातील शिवनीचे. ज्या भूमीतून बी उचलले त्या भूमीच्या लेकरांनाच पिकाला हात लावण्याची मनाई, असा हा प्रकार होता.

ही मनाई मोडण्याचे श्रेय ज्या थोड्या व्यक्तींकडे जाते त्यांत नागपूरचे व्हिव्हियन बोस हे आपल्याला जवळचे. केंब्रिजहून शिकून आलेल्या या तरुण वकिलाने १९१३ मध्ये मध्यप्रांतात देशी मुलांसाठी बालवीर पथके सुरू केली. पाठोपाठ मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने स्वतंत्र भारतीय संघटना स्थापिली, आणि टोपीऐवजी फेटा घातलेला बालवीर लोकांना प्रथमच पाहावयास मिळाला. प्रयागात १९१८ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समिती बालवीर मंडळ उभारले. यांपैकी कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सदस्य. लोकसेवा हे व्रत मानावे, ही गोखल्यांची शिकवण त्यांच्या द्वारा बालवीरांच्या पथकांत उतरली, असे म्हणण्यास काहीच हरकत नाही. यात्रेच्या गर्दीत हरवलेली माणसे शोधून देणे, घाटावर पाय घसरून पडणाऱ्यास सावरणे, तापाने फणफणलेल्यास पाणी पाजणे, या कामांत जी कसोटी लागते ती कोणत्याही परीक्षकाने घेतलेल्या कसोटीहून हलकी खासच नव्हती.

आता प्रश्न उरला तो मुकुटाचा. बेडन-पॉवेल १९२१ च्या प्रारंभी हिंदुस्थानात आले, त्यांच्या उपस्थितीत बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत विलीन झाली, आणि देशी मुलांना सर्वोच्च पदापर्यंत जाण्याची वाट रीतसर मोकळी झाली. परंतु त्याच वर्षी असहकाराची लाट देशभर उसळली होती. वडील भाऊ कॉलेज सोडून बाहेर पडलेला आणि धाकटा राजनिष्ठेची शपथ घेऊन बाहीवर मुकुट शिवणारा, असा प्रसंग त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबात येणे अगदी स्वाभाविक होते. त्या धाकट्याला कोणी कमी लेखू नये. त्याने मुकुट मिळविला तो मुजरा करून नव्हे, मैलोगणती चालून आणि पाण्यात उडी टाकून. तरीही, मालवीयांची सेवा समिती या विलीनीकरणापासून अलिप्त राहिली, ते तिने योग्यच केले, असे माझे मत आहे. मुलाच्या कर्तृत्वावर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार परक्या दप्तराकडे असू नये, हे कोणीतरी आचरणाने सांगणे अवश्य होते. पुढे १९३७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय मेळाव्यासाठी वृद्ध बेडन-पॉवेल पुन्हा आले असता भारतीयांच्या शीलाविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी देशात संताप पसरला, आणि त्यातून १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही वेगळी संस्था निघाली. फूट पक्की झाली.

ती सांधण्याचे काम स्वातंत्र्यानंतर झाले, आणि त्यात नागपूरचा वाटा पुन्हा ठळकपणे दिसतो. मध्यप्रांताचे राज्यपाल मंगलदास पकवासा आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस, या दोघांनी कुंझरूंच्या बरोबरीने मध्यस्थी केली; पंडित नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे पाठबळ होतेच. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संस्था अस्तित्वात आली. ज्याने देशी मुलांसाठी दार उघडले तोच मनुष्य सदतीस वर्षांनी सगळ्यांना एका छताखाली आणावयास हजर होता, हा योग विरळा. राजा गेला, गणराज्य आले, आणि सर्वोच्च पदाला ‘राष्ट्रपती स्काऊट’ हे नाव प्राप्त झाले. आज त्या पदाकडे जाणारी वाट प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्यपालांच्या सहीचा राज्य पुरस्कार, अशा टप्प्यांनी जाते. सातपुड्यातील पचमढीला, जे एके काळी नागपूरच्या सरकारचे उन्हाळी ठाणे होते, या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

आपल्याकडील शाळांतून बालवीर आज अधिक दिसतो तो ‘खरी कमाई’च्या दिवशी, मुले भेळ, सरबत, भजी विकून चार पैसे मिळवितात आणि हिशेब वहीत मांडतात. बचत-बँकेतल्या त्या शिलिंगाचेच हे देशी रूप मानावे, आणि ते मला मनापासून आवडते. चिंता वाटते ती शालान्त परीक्षेत बालवीरांना मिळणाऱ्या वाढीव गुणांची. गुणांच्या आशेने मूल पथकात आले तर त्यात त्याचा दोष नाही. पण दाखल्यापुरती घाईघाईने उरकलेली छावणी पुढच्या प्रसंगी कामास येत नाही, आणि अशा छावण्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मुलांची फसवणूक केली असेच म्हटले पाहिजे. सात मैल जाऊन सात मैल परत येण्याला पर्याय शोधता येतील. परीक्षकाने खरोखर परीक्षा घेण्याला पर्याय नाही.

मुलींची हकीकत निराळी आहे. त्यांचे पहिले पथक जबलपूरला १९११ मध्येच निघाले होते, आणि त्यांची संस्था या सगळ्या वादळांत बहुतांशी आपल्या वाटेने चालत राहिली. एकीकरणानंतर नऊ महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९५१ रोजी, ती भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये सामील झाली, आणि त्यामुळे आज राष्ट्रपती गाईड होणारी मुलगी सोपानांची तीच वाट चढून येते व तिच्या प्रमाणपत्रावर सही असते ती राष्ट्रपतींचीच.