गिरगाव–ग्रँट रोड : मुंबईचा जुना सिनेमा-पट्टा

दक्षिण मुंबईत पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड आणि ग्रँट रोड स्थानकांच्या पूर्वेला पसरलेला दाट वस्तीचा भाग. गिरगावातल्या चाळी आणि वाड्या, ऑपेरा हाऊसचा नाका, लॅमिंग्टन रोड (आताचा डॉ. भडकमकर मार्ग) आणि फॉकलंड रोड (आताचा पठ्ठे बापूराव मार्ग) हे सारे त्यात येते. मुंबईच्या जुन्या थिएटरांचा विषय निघाला की फोटो छापले जातात ते रीगल, इरॉस, मेट्रो आणि लिबर्टीचे. त्या इमारती देखण्या आहेत यात शंका नाही. पण त्यांतली सर्वांत जुनी रीगल, तीही १९३३ ची. ‘राजा हरिश्चंद्र’, पहिला भारतीय बोलपट आणि पहिला मराठी बोलपट हे तिन्ही लोकांनी आधी पाहिले ते गिरगावात.

त्याचे कारण नाटक. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीहून येऊन तिथे खेळ केले. पाठोपाठ पारशी, गुजराती, उर्दू मंडळ्या आल्या. तिकीट काढून रात्र जागवायची सवय या वस्तीला सिनेमाच्या अर्धशतक आधीच लागली होती.

सिनेमा मुंबईत उतरला तो मात्र फोर्टात. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सहा छोट्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. प्रवेश एक रुपया. आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले गेले आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले. म्हणजे परवडणारा वर्ग आणि घरच्या बायका, दोन्ही गिऱ्हाइके व्यवस्थापकांनी पहिल्याच महिन्यात हेरली होती.

गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि राम-कृष्ण पडद्यावर आणायचा ध्यास घेतला. पण त्यांच्याआधी १८ मे १९१२ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, म्हणून पहिलेपणाचा मान त्याला द्यावा की नाही यावर वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. थिएटरबद्दल मात्र वाद नाही. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपियात झाला आणि ३ मे रोजी चित्रपट लोकांसाठी लागला तो याच कॉरोनेशनमध्ये. केवळ सिनेमावर प्रेक्षक खूश होतील याची खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. त्यामुळे त्याच तिकिटात एका गोऱ्या बाईचा नाच, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू असा भरगच्च कार्यक्रम होता.

मॅजेस्टिक हे या पट्ट्यातले सर्वांत मोठे नाव. तिथे १४ मार्च १९३१ रोजी अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. त्याच्या चित्रीकरणाची गोष्टही याच परिसरातली आहे. इराणींच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ केनेडी पुलाजवळ, रेल्वे रुळांना लागून होता. ध्वनिमुद्रण चित्रीकरणाबरोबरच व्हायचे आणि दिवसभर गाड्यांची धडधड. मग शेवटची लोकल गेल्यावर काम सुरू करायचे आणि पहाटेची पहिली येण्याआधी उरकायचे. मायक्रोफोन नटांच्या आसपास मिळेल तिथे दडवले जात. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, मॅजेस्टिकमध्येच व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि मराठी पडद्यावर बोलू लागली. इमारत १९७० च्या दशकात पाडली गेली आणि जागी शॉपिंग सेंटर आले. केशवराव कोठावळे यांनी सिनेमाशेजारी पुस्तकविक्री सुरू करून तिला थिएटरचेच नाव दिले होते. ते पुढे प्रकाशन संस्थेचे झाले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत गेले.

त्याच गिरगावात सेंट्रलला डिसेंबर १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि सलग ५७ आठवडे उतरला नाही.

रॉयल ऑपेरा हाऊसची तऱ्हा निराळी. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा बांधकाम अजून अपुरेच होते. ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, १९३५ नंतर सिनेमा आला, १९५२ मध्ये ती गोंडलच्या महाराजांकडे गेली आणि १९९३ मध्ये बंद पडली. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. पण आता तिथे प्रामुख्याने नाटक, संगीत आणि समारंभ होतात.

स्वातंत्र्यानंतर वजन लॅमिंग्टन रोडकडे झुकले. तिथल्या नाझ थिएटरच्या इमारतीत सिनेमा-वितरकांची कार्यालये थाटली गेली. कोणता सिनेमा चालला आणि कोणता कोसळला याचा निवाडा तिथे समीक्षकांच्या आधी व्हायचा. जवळच्या मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला. सुरुवातीचे दिवस थंड गेले. मग तो पाच वर्षे तळ ठोकून राहिला, त्यातली शेवटची दोन मॅटिनीला. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज ही मिनर्व्हाची मोठी मिजास होती. फेकलेले नाणे दगडावर कुठे खणखणले हे ऐकायला लोक पुनःपुन्हा येत.

फॉकलंड रोडवरच्या ‘पिला हाऊस’ नावाच्या भागातली थिएटरे पूर्वीची नाट्यगृहेच. अल्फ्रेड आणि आसपासच्या थिएटरांत जुने हिंदी सिनेमे अगदी स्वस्तात दाखवले जात. छापील फ्लेक्स सर्वत्र आल्यावरही अल्फ्रेडने कितीतरी वर्षे हाताने रंगवलेले फलक सोडले नाहीत. प्रेक्षक बहुतेक हमाल, हातगाडीवाले, परगावचे मजूर. सिनेमाच्या अभ्यासकांनी या प्रेक्षकाची दखल फार उशिरा घेतली.

दूरचित्रवाणी आणि व्हिडिओने या पट्ट्याला पहिला दणका दिला. करमणूक कराचा बोजा आधीपासून होताच. २००१ मध्ये राज्य शासनाने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमाफी आणि पुढची दोन वर्षे सवलत दिली. एकपडदा थिएटरांचे मालक कर भरतच राहिले. तोवर गिरगावातला मराठी मध्यमवर्गही मोठ्या प्रमाणात उपनगरांत गेला होता आणि जमिनीचा भाव तिकीटबारीच्या गल्ल्याला परवडेनासा झाला होता. कॉरोनेशन, ऑलिंपिया, मॅजेस्टिक, मिनर्व्हा यांपैकी एकही इमारत आज उभी नाही.